काळी पडलेली केळी, ‘हेल्दी’ केक आणि संशोधनातली तुलना



पेट किंवा नेट-सेट पार करून सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या विद्यार्थ्यांचा एक प्रश्न हमखास येतो: “विषय मिळालाय, पण त्याचा संशोधन प्रश्न कसा करायचा?” रिसर्च मेथडॉलॉजीच्या पुस्तकात उत्तर असतं. विषय अरुंद करा, व्हेरिएबल ठरवा, गृहीतक मांडा. वाचताना सगळं पटतं, पण कागद समोर आला की हात चालत नाही. म्हणून आज एक विषय अगदी स्वयंपाकघरातला घेऊ आणि त्याच्यावर हे सगळं करून बघू. विषय असा: घरात उरलेली, जास्त पिकलेली केळी वापरून केलेला केक ‘हेल्दी’ असतो का?

प्रश्न गमतीचा वाटेल, पण तो तसा नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात मधुमेह असलेलं कोणीतरी असेल. माझ्या मावशीला आहे. “साखर अजिबात नाही, केळ्याचाच गोडवा आहे, निर्धास्त खा” असं तिला प्रेमाने सांगणारे पुष्कळ भेटतात. ती एक काप खाणार की चार, हे त्या एका वाक्यावर ठरतं. त्यामुळे ते वाक्य तपासायला हवं. आणि तपासायचं कसं, हेच तर आपल्याला शिकायचंय.

आधी केळ्याच्या आत काय होतं ते बघू

केळं हे झाडावरून काढल्यानंतरही पिकणारं फळ आहे. अशा फळांना क्लायमॅक्टेरिक फळं म्हणतात. आंबा, पपई, चिकू, टोमॅटो हीसुद्धा याच गटातली. पिकण्याचा इशारा देतो इथिलीन नावाचा साधा वायू. फळ तो स्वतःच तयार करतं, आणि एकदा तो तयार व्हायला लागला की तो आणखी इथिलीन तयार करायला लावतो. म्हणूनच घडातलं एक केळं पिकायला लागलं की बाकीची भराभर पिकतात, आणि सोमवारी हिरवट असलेली डझनभर केळी शुक्रवारी सगळी एकदमच काळी पडायला लागतात.

या काळात गरात होणारा सर्वांत मोठा बदल म्हणजे स्टार्चची साखर होणं. कच्च्या हिरव्या केळ्याच्या गरात वजनाच्या साधारण 20 ते 25 टक्के स्टार्च असतो. पूर्ण पिकलेल्या केळ्यात तो 1-2 टक्क्यांवर येतो. हा स्टार्च कुठे गायब होत नाही. वेगवेगळी एन्झाइम्स त्याचे तुकडे करतात आणि त्यातून आधी मुख्यतः सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, आणि पुढे ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात. थोडा भाग फळाच्या श्वसनात खर्च होतो. सोबत पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळायला लागतं, म्हणून गर मऊ पडतो. आणि आयसोअमाइल ॲसिटेटसारखे सुवासिक पदार्थ वाढतात, म्हणून पिकलेलं केळं बंद डब्यातूनही ओळखू येतं.

इथे एक मुद्दा लक्षात ठेवा. काळ्या केळ्याची साखर ‘बाहेरून आलेली’ नाही, हे खरं. पण ती साखर नाही, असंही नाही. हिरव्या आणि काळ्या केळ्यातलं एकूण कार्बोहायड्रेट फार वेगळं नसतं, त्याचं रूप वेगळं असतं.

हे रूप महत्त्वाचं का? 1986 साली केंब्रिजमधल्या हान्स इंग्लिस्ट आणि जॉन कमिंग्ज यांनी केळ्यातला स्टार्च माणसाच्या लहान आतड्यात किती पचतो यावर काम प्रसिद्ध केलं. केळं जितकं कमी पिकलेलं, तितका स्टार्च न पचता पुढे जातो, असं त्यात दिसलं. अशा न पचणाऱ्या स्टार्चला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात. यावरून कोणी म्हणेल, “मग केकमध्ये कच्चं केळंच घालू!” पण ओलावा आणि उष्णता एकत्र मिळाली की स्टार्चचे दाणे फुगतात, त्यांची घट्ट रचना मोडते आणि तो बराचसा पचणारा होतो. भाजताना केकच्या आतलं तापमान 90 अंश सेल्सिअसच्या पुढे जातं. म्हणजे कच्च्या केळ्याचा निष्कर्ष केकला जसाच्या तसा लावता येत नाही. एखादा पेपर वाचताना ‘नमुना कोणत्या अवस्थेत होता’ हे बघायचं असतं, ते यासाठी.

‘जास्त पिकलेलं’ हे मोजायचं कशाने?

आता पहिली अडचण. ‘जास्त पिकलेलं केळं’ म्हणजे नक्की कोणतं? आपण म्हणू, साल काळी पडलेलं. व्यापारातही सालीच्या रंगाची 7 पायऱ्यांची पट्टी वापरतात. पहिली पायरी पूर्ण हिरवी, सहावी पूर्ण पिवळी आणि सातवी तपकिरी ठिपके पडलेली पिवळी. आपली केकची केळी सातवी पायरी ओलांडून गेलेली असतात.

पण बघा, आपल्याला जाणून घ्यायचीय गरातली साखर, आणि आपण बघतोय सालीचा रंग. मोजायचं एक आणि मोजतोय दुसरं, अशा वेळी त्या दुसऱ्या गोष्टीला प्रॉक्सी म्हणतात. प्रॉक्सी वापरण्यात काही चूक नाही, अर्धं विज्ञान त्यावरच चालतं. फक्त ती कुठे फसवते, हे माहीत पाहिजे.

सालीचा रंग दोन ठिकाणी हमखास फसवतो. पहिलं ठिकाण फ्रीज. केळं उष्ण प्रदेशातलं फळ. साधारण 13 अंशांच्या खाली ठेवलं की थंडीने सालीच्या पेशींना इजा होते आणि साल काळपट पडते. आत गर मात्र पिवळ्या केळ्याचाच असतो, कारण थंडीत पिकण्याची क्रिया मंदावलेली असते. असं केळं केकमध्ये घातलं तर अपेक्षित गोडवा मिळत नाही. दुसरं ठिकाण म्हणजे घाईने रंगवलेली केळी. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवण्यावर आपल्याकडे बंदी आहे. पिकवण कोठ्यांमध्ये ठरलेल्या मर्यादेत इथिलीन वापरायला परवानगी आहे. तरीही बाजारात कधीकधी साल पिवळीधमक आणि गर कडक, फिका, असं केळं हातात येतं. तिथे सालीने आधी रंग बदलला, गर मागे राहिला.

मग काय करायचं? प्रयोगशाळेत रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स मोजतात, म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण. घरी त्याहून सोपी गोष्ट आहे. केळ्याची एक चकती कापा आणि तिच्यावर जखमेला लावायच्या आयोडीनच्या द्रावणाचा थेंब टाका. स्टार्च असेल तर निळा-काळा रंग येतो, नसेल तर आयोडीनचा तपकिरी रंगच राहतो. हिरव्या, पिवळ्या आणि काळ्या केळ्याच्या चकत्या शेजारी-शेजारी ठेवून करा, फरक स्पष्ट दिसेल. ती चकती मग फेकून द्या, खायची नाही.

आणखी एक, ‘3 केळी’ हे माप संशोधनात चालत नाही. जळगावकडून येणारं लांब ग्रँड नैन आणि वसईकडची बोटाएवढी वेलची केळी यांच्या गराच्या वजनात कितीतरी फरक असतो. म्हणून सोललेला गर ग्रॅममध्ये मोजायचा. इथून पुढे मी 300 ग्रॅम गर धरते. मध्यम आकाराच्या 3 लांब केळ्यांचा साधारण तेवढा निघतो.

‘हेल्दी’, पण कशाच्या तुलनेत?

आता मुख्य मुद्दा. ‘हेल्दी’ हा शब्द एकटा उभा राहू शकत नाही. उंच, स्वस्त, जलद यांसारखाच तो तुलनेचा शब्द आहे. कशापेक्षा हेल्दी, हे सांगितलंच नाही तर दावा खराही ठरत नाही आणि खोटाही ठरत नाही. आणि जो दावा खोटा ठरूच शकत नाही, त्याचा संशोधन प्रश्न होत नाही.

म्हणून तीन पाककृती समोर ठेवू. तिन्हींचे 12 समान काप करायचे. सुकामेवा आणि तेल तिन्हींत सारखंच धरलंय, म्हणून ते हिशेबात घेत नाही.

अ) इंटरनेटवर सर्रास दिसते तशी: मैदा 200 ग्रॅम, साखर 150 ग्रॅम, केळ्याचा गर 300 ग्रॅम.

ब) बिनसाखरेची: कणीक 200 ग्रॅम, केळ्याचा गर 300 ग्रॅम, दही 75 ग्रॅम.

क) ‘नैसर्गिक गोडव्याची’: ब मधलं सगळं, वर 100 ग्रॅम बिया काढलेला खजूर.

अन्नघटकांच्या तक्त्यांमधून ढोबळ आकडे घेऊ. 100 ग्रॅम मैद्यात तंतूंसकट साधारण 76 ग्रॅम कार्बोहायड्रेट, कणकेत 72, केळ्याच्या गरात 22, खजुरात 75. साखर बघायची तर पिकलेल्या केळ्याच्या 100 ग्रॅम गरात साधारण 12 ते 16 ग्रॅम. आपण 15 धरू. खजुरात साधारण 65. तंतू कणकेत साधारण 11, मैद्यात 2.7, केळ्यात 2.6 आणि खजुरात 8 ग्रॅम.

हिशेब केला की एका कापाचं चित्र असं येतं:

अ: कार्बोहायड्रेट साधारण 31 ग्रॅम, त्यात साखर 16, तंतू 1.

ब: कार्बोहायड्रेट साधारण 18 ग्रॅम, त्यात साखर 4, तंतू 2.5.

क: कार्बोहायड्रेट साधारण 24 ग्रॅम, त्यात साखर 9, तंतू 3.

म्हणजे ब ही अ पेक्षा बरी, हे दिसतंच. आता लगेच निष्कर्ष लिहायची घाई होते: “केळ्यामुळे केक हेल्दी झाला.” थांबा. अ मध्ये केळी किती? 300 ग्रॅम. ब मध्ये? 300 ग्रॅम. केळी दोन्हीकडे सारखीच आहेत. जी गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे, तिने फरक पाडला असं म्हणता येत नाही. कार्बोहायड्रेटमधला जवळपास सगळा फरक काढून टाकलेल्या साखरेचा आहे. तंतूंमधला सगळा फरक कणकेचा आहे. श्रेय मात्र केळं घेऊन जातं, कारण नाव केळ्याच्या केकचं.

मग केळ्याचं काम काहीच नाही का? आहे, पण ते वेगळं आहे. 150 ग्रॅम साखर काढूनही केक खाण्यासारखा राहतो, कारण स्टार्चची साखर करून बसलेला 300 ग्रॅम गर त्यात आहे. जास्त पिकलेल्या केळ्याने साखर काढणं शक्य केलं. संशोधनाच्या भाषेत केळं इथे थेट कारण नाही, ते त्या कारणाला वाट करून देतं. हा भेद सिनॉप्सिसमध्ये नीट मांडला तर व्हायव्हातले अर्धे प्रश्न तिथेच संपतात.

आणि मधुमेह असलेल्या व्यक्तीसाठी या हिशेबाचा अर्थ काय? 25 ग्रॅम कणकेच्या एका फुलक्यातही साधारण 18 ग्रॅमच कार्बोहायड्रेट असतं. म्हणजे ब चा एक काप हा कार्बोहायड्रेटच्या बाबतीत एका फुलक्याच्या आसपास आहे. “साखर नाही, निर्धास्त खा” यापेक्षा “एक काप म्हणजे एक फुलका धर” हे वाक्य खरं आहे आणि उपयोगाचंही. जेवणात एक फुलका कमी करून एक काप घ्यायचा का, हे ती व्यक्ती आपल्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारू शकते. पहिल्या वाक्यावर विचारायला काही उरतच नाही.

क बद्दलही एक शब्द. खजूर घातल्याने तंतू थोडे वाढले, पण साखर दुपटीहून जास्त झाली. खजुराऐवजी गूळ किंवा मध घातला तर तंतूही फारसे वाढत नाहीत. ‘नैसर्गिक’ हा शब्द साखर कुठून आली ते सांगतो, किती आली ते सांगत नाही.

साखर एकच, व्याख्या दोन

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली साखरेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात फ्री शुगर्स रोजच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी ठेवा, आणि जमल्यास 5 टक्क्यांच्या खाली आणा, असं सांगितलंय. 5 टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम. फ्री शुगर्समध्ये वरून घातलेली साखर तर येतेच, शिवाय मध, पाक, फळांचे रस आणि रसांचे अर्क यांतली साखरही येते. अख्ख्या फळातली साखर मात्र येत नाही.

मग कुस्करलेलं केळं कुठे बसवायचं? ब्रिटनने 2018 मध्ये आपली व्याख्या जाहीर केली, तिच्यात फळांच्या प्युरी आणि पल्पमधली साखरही फ्री शुगर धरलीय. विचार असा की फळ वाटलं की पेशींच्या भिंती फुटतात आणि साखर मोकळी होते. या व्याख्येचा काटेकोर अर्थ लावला तर ब च्या एका कापात साधारण 4 ग्रॅम फ्री शुगर येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत प्युरीचा उल्लेख नाही. तिथे केळ्याला ‘फळ’ धरलं तर आकडा शून्याजवळ जातो.

केक एकच, भांडं एकच, पण उत्तरं दोन. कोणीही खोटं बोललेलं नाही, व्याख्या बदलली एवढंच. म्हणून प्रबंधात कार्यात्मक व्याख्या लिहायला लावतात. माझ्या ओळखीतले कित्येक जण तो भाग शेवटच्या आठवड्यात, दुसऱ्या प्रबंधावरून बघून भरतात. खरं तर तो पहिल्या आठवड्यात लिहायचा असतो, कारण कोणता आकडा गोळा करायचा हे त्यावरच ठरतं.

साखर काढली की केकचं काय होतं?

केकमध्ये साखर फक्त गोडव्यासाठी नसते. ती पाणी धरून ठेवते, म्हणून केक दुसऱ्या दिवशीही ओलसर राहतो. ती ग्लुटेनला घट्ट होऊ देत नाही, म्हणून तो मऊ होतो. आणि वरचा रंग येण्यातही तिचा वाटा असतो. साखर काढली की ही सगळी कामं दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागतात.

ओलाव्याचं काम केळं करतं. 300 ग्रॅम गरात साधारण 225 ग्रॅम पाणीच असतं. म्हणून या केकमध्ये वेगळं दूध लागत नाही. आणि म्हणूनच “आणखी एक केळं उरलंय, तेही घालून टाकू” असं करू नये. पाणी वाढलं की मधला भाग गिच्च राहतो, कितीही भाजला तरी.

रंगाचं कामही केळ्याकडे जातं. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या रिड्यूसिंग शर्करा आहेत. पिठातल्या प्रथिनांशी त्यांची उष्णतेत मेलार्ड अभिक्रिया होते आणि वर खमंग तपकिरी पापुद्रा येतो. केळं जितकं जास्त पिकलेलं, तितका हा रंग लवकर चढतो. वरून झालेला दिसतो आणि आत कच्चा असतो, अशी तक्रार इथूनच येते. आच थोडी कमी ठेवायची, हा त्यावरचा उपाय.

फुगवण्याचं काम खायच्या सोड्याचं. सोड्याला आम्ल लागतं. केळं सौम्य आम्लधर्मी आहे, पण सौम्यच. म्हणून दही. आम्ल मिळालं की सोड्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि केक फुगतो. आम्लापेक्षा सोडा जास्त झाला तर उरलेला सोडा उष्णतेने विघटित होऊन सोडियम कार्बोनेट मागे राहतं. त्याची चव साबणासारखी लागते आणि केक आतून जास्तच गडद होतो. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि आम्ल दोन्ही आधीच असतात, म्हणून तिला दह्याची गरज नसते. दोन्ही गोष्टी एकच समजून अदलाबदल केली की केक बिघडतो.

हे सगळं धरून ब ची पूर्ण कृती अशी:

कणीक 200 ग्रॅम, जास्त पिकलेल्या केळ्याचा गर 300 ग्रॅम, आंबट दही 75 ग्रॅम, तेल 60 मिलिलिटर, खायचा सोडा अर्धा चहाचा चमचा सपाट, बेकिंग पावडर 1 चहाचा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची-जायफळ पूड, 40 ग्रॅम अक्रोडाचे तुकडे.

केळी काट्याने कुस्करून त्यात दही आणि तेल घाला. कणीक, सोडा, बेकिंग पावडर, मीठ, वेलची-जायफळ एकत्र चाळून घ्या आणि चाळणीत राहिलेला कोंडा परत आत घाला. तंतूंचा सगळा हिशेब त्या कोंड्यावरच आहे. ओलं आणि कोरडं एकत्र करून हलक्या हाताने, पीठ दिसेनासं होईपर्यंतच मिसळा. फार घोटलं तर ग्लुटेन तयार होऊन केक चिवट होतो. अक्रोड घालून तेल लावलेल्या भांड्यात ओता आणि आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 170 अंशांवर 45 ते 50 मिनिटं भाजा. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर देऊन, वर झाकण ठेवून मंद आचेवर करता येतो, वेळ थोडा जास्त लागतो. सुरी घालून कोरडी निघाली की झाला. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका. गरम असताना कापला तर झालेला केकही कच्चा वाटतो.

आता याचा प्रयोग करू

समजा प्रश्न असा घेतला: सालीवर ठिपके आलेलं केळं आणि साल पूर्ण काळी पडलेलं केळं, यांनी केलेल्या बिनसाखरेच्या केकमधला फरक खाणाऱ्याला कळतो का?

इथे बदलायची गोष्ट एकच, केळ्याचा पक्वपणा. बाकी सगळं तेच: तीच कणीक, तेच दही, तेवढंच वजन, तेच भांडं, ओव्हनमधली तीच जागा. केळी एकाच घडातली घ्यायची. काही आधी ठिपक्यांच्या अवस्थेत सोलून, वजन करून फ्रीझरमध्ये ठेवायची. उरलेली काळी झाली की तीही तेवढाच काळ फ्रीझरमध्ये ठेवायची. नाहीतर फरक पक्वपणाचा की गोठवण्याचा, हे कळणार नाही. प्रत्येक प्रकारचा केक एकदाच करून थांबायचं नाही, निदान तीनदा करायचा.

चवीसाठी ट्रँगल टेस्ट वापरा. प्रत्येकाला तीन तुकडे द्यायचे, दोन एका केकचे, एक दुसऱ्याचा, आणि विचारायचं की वेगळा कोणता. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता 3 मध्ये 1. म्हणजे 12 जणांमध्ये 4 जण नशिबानेच बरोबर येतील. 12 पैकी निदान 8 जण बरोबर आले, तरच 5 टक्क्यांच्या पातळीवर फरक आहे असं म्हणता येतं. 6 आले तर? “निम्म्या लोकांना फरक कळला” असं वाक्य लिहायचा मोह होईल. ते लिहायचं नाही. आणि हा 8 चा आकडा केक कापण्याआधी वहीत लिहून ठेवायचा, नंतर नाही.

वाया जाणं वाचतं का?

शेवटचा दावा: “केक केला म्हणजे केळी वाया गेली नाहीत.” इथेही तुलना बघा. 3 केळी वाचवायला आपण 200 ग्रॅम कणीक, तेल, अक्रोड आणि जवळपास तासभर ओव्हन वापरला. 1500 वॉटचा ओव्हन पाऊण तास अखंड चालला तर सव्वा युनिटच्या जरा आत वीज लागते, आणि मधूनमधून बंद-चालू होत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी. केक कोणीतरी आवडीने खाणार असेल तर खर्च सार्थकी लागला. नुसती केळी संपवायची असतील तर शिकरण, केळ्याचे घारगे किंवा किनारपट्टीवरचे बन्स आहेतच. पण घारगे आणि बन्स तळायचे असतात, म्हणजे ‘हेल्दी’चा हिशेब पुन्हा नव्याने मांडायचा! सगळ्यात कमी खर्चाचा उपाय म्हणजे सोलून, कुस्करून, 300-300 ग्रॅमच्या पिशव्या फ्रीझरमध्ये ठेवणं. हिशेबाची हद्द कुठे आखली, त्यावर उत्तर बदलतं. पर्यावरणावरच्या कोणत्याही प्रबंधात ही हद्द पहिल्या प्रकरणात सांगावी लागते.

एक मर्यादा मात्र कुठल्याही हिशेबात बसत नाही. साल काळी असणं चालतं. बुरशी दिसत असेल, दारूसारखा आंबूस वास येत असेल किंवा गरातून पाणी गळत असेल, तर ते केळं कंपोस्टमध्ये टाका. भाजून ते सुधारत नाही.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या सिनॉप्सिसचं शीर्षक समोर घ्या. त्यात ‘प्रभावी’, ‘उत्तम’, ‘सुधारित’, ‘पर्यावरणपूरक’ असा एखादा शब्द असेलच. त्याच्याखाली रेघ मारा आणि शेजारी तीन गोष्टी लिहा: कशाच्या तुलनेत, कोणत्या मापाने, आणि दोन्हीकडे काय सारखं ठेवलंय. तीनही रकाने भरले तर संशोधन प्रश्न तयार झालाय असं समजा. एखादा रिकामा राहिला तर गाईडकडे जाताना तोच प्रश्न घेऊन जा. आणि कमेंटमध्ये लिहा, पुढच्या लेखात त्यातली दोन-तीन शीर्षकं घेऊन आपण मिळून दुरुस्त करू.